हेडफोनसाठी ट्यूब ॲम्प की सॉलिड-स्टेट? बजेट बेताचं असेल तर आधी ओहम बघा

‘ट्यूबचा आवाज उबदार, ट्रान्झिस्टरचा कोरडा’ हे इतक्यांदा कानावर पडलेलं असतं की पहिला हेडफोन ॲम्प घेणारा तिथूनच विचार सुरू करतो. ट्यूब म्हणजे काचेची निर्वात नळी; ट्रान्झिस्टरवर चालणारा ॲम्प तो सॉलिड-स्टेट. पैसे मोजके असतील तर ही सुरुवात महागात पडते. खरी निवड हेडफोनच्या माहितीपत्रकावरचे दोन आकडे करतात. एक इंपिडन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, किती ओहम. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्ट किंवा मिलिवॉट दिल्यावर किती डेसिबल आवाज. हे दोन आकडे माहीत नसतील तर ॲम्प बघायला जाऊच नका.

सेन्सिटिव्हिटी दोन प्रकारे छापतात आणि घोळ तिथेच होतो. काही कंपन्या १ व्होल्टला किती डेसिबल ते सांगतात, काही १ मिलिवॉटला. हे दोन आकडे एकमेकांशी थेट ताडून बघता येत नाहीत. व्होल्टवरून मिलिवॉटवर यायचं तर १००० ला ओहमने भागा, उत्तराचा १० च्या पायाचा लॉगॅरिदम काढा, त्याला १० ने गुणा आणि तो आकडा वजा करा. ३०० ओहमसाठी हा फरक ५.२ डेसिबल येतो, ३२ ओहमसाठी १५. म्हणजे सेनहायझर एचडी ६५० चे १ व्होल्टला १०३ डेसिबल हे १ मिलिवॉटला साधारण ९८ झाले. एकेजी के ७०२ चे १ व्होल्टला १०५ डेसिबल दिसायला जास्त आहेत, पण तो ६२ ओहमचा असल्यामुळे १ मिलिवॉटला ते ९३ वर येतात. माहितीपत्रकात ‘१०५’ वाचून के ७०२ चालवायला सोपा आहे असं समजणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात तो एचडी ६५० पेक्षा जास्त शक्ती मागतो.

आता हिशेब पुढे नेऊ. नेहमीचं ऐकणं ७५ ते ८५ डेसिबलवर होतं, पण अचानक उसळणाऱ्या आवाजासाठी वर जागा लागते. म्हणून ११० डेसिबलची क्षणिक पातळी गृहीत धरू. एचडी ६५० ला त्यासाठी सुमारे २.२५ व्होल्ट आणि ७.५ मिलिॲम्पिअर लागतात. शक्ती झाली १७ मिलिवॉट. बायरडायनॅमिक डीटी ८८० च्या ६०० ओहमच्या आवृत्तीला ३.९ व्होल्ट लागतात, करंट मात्र फक्त ६.५ मिलिॲम्पिअर. के ७०२ ला १.८ व्होल्ट आणि २९ मिलिॲम्पिअर. आणि ३२ ओहमचा, १ मिलिवॉटला ९१ डेसिबल देणारा प्लॅनर (सपाट पडद्याचा) हेडफोन घेतला, तर १.६ व्होल्टच पुरतात, पण करंट ५० मिलिॲम्पिअर आणि शक्ती ८० मिलिवॉट.

सगळी गोष्ट या आकड्यांतच आहे. ट्यूबकडे व्होल्टेज मुबलक असतं आणि करंट तुटपुंजा. जास्त ओहमच्या हेडफोनला नेमकं तेच हवं असतं. कमी ओहमच्या हेडफोनला करंट लागतो, आणि ट्यूबमधून तो काढायचा तर मोठ्या ट्यूब, जाड ट्रान्सफॉर्मर आणि दणदणीत पॉवर सप्लाय लागतो. बेताचं बजेट तिथेच संपतं. ट्रान्झिस्टर आणि ऑप-ॲम्पला (सिग्नल वाढवणारी छोटी चिप) व्होल्टेज आणि करंट दोन्ही स्वस्तात देता येतात.

ॲम्प लागतोच का, हेही याच हिशेबातून कळतं. ॲपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल सुमारे १ व्होल्ट देतो (युरोपसाठीची आवृत्ती त्याच्या निम्मी). एचडी ६५० वर १ व्होल्ट म्हणजे १०३ डेसिबलची शिखरं. मोठ्या आवाजात मिक्स केलेलं संगीत ऐकणाऱ्याला ते पुरतं. ज्या ध्वनिमुद्रणांची सरासरी पातळी खूप खाली असते, ती ऐकताना मात्र आवाज पूर्ण वर नेऊनही कमी वाटतं. तुमची अडचण ही असेल तरच ॲम्पवर खर्च करा.

आउटपुट इंपिडन्स: ‘ट्यूबचा आवाज’ बराचसा इथून येतो

बजेटमधले ट्यूब हेडफोन ॲम्प बहुतेक ओटीएल जातीचे असतात. म्हणजे आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसतो. ट्यूबच्या कॅथोडवरून (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) सिग्नल एका कपॅसिटरमधून थेट हेडफोनला जातो. या कामासाठी ६०८० किंवा ६एएस७जी ही ट्यूब लोकप्रिय आहे. तिच्या एका काचेत दोन ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडच्या ट्यूब) असतात, त्यामुळे एकच ट्यूब डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलना पुरते. बॉटलहेड क्रॅक हे जोडून घ्यायचं किट १२एयू७ आणि ६०८० वर चालतं. डार्कव्हॉइस ३३६एसई मध्ये पुढे ६एसएन७ असते. अशा ॲम्पचा आउटपुट इंपिडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा आतला विरोध, साधारण १०० ते १५० ओहमच्या घरात जातो. चांगल्या सॉलिड-स्टेट ॲम्पचा एका ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो.

याने काय होतं? एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा आहे, पण बेसमध्ये, १०० हर्ट्झच्या जरा खाली, त्याचा इंपिडन्स ५०० ओहमच्या आसपास चढतो. ॲम्पचा आउटपुट इंपिडन्स १२० ओहम असेल तर ३०० ओहमवर सिग्नल २.९ डेसिबलने घटतो आणि ५०० ओहमवर १.९ डेसिबलने. म्हणजे बाकीच्या मानाने बेस १ डेसिबल वर राहतो. या हेडफोनवर हा उंचवटा कानाला गोड लागतो. लोक ज्याला ऊब म्हणतात तिचा मोठा वाटा या १ डेसिबलचा आहे.

बाकीची ऊब विकृतीतून (डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सिग्नलमध्ये ॲम्पने केलेला बदल) येते. ट्रायोडची विकृती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची असते, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंप्रतेची: मध्य सप्तकातल्या ‘सा’बरोबर अगदी बारीक आवाजात तार ‘सा’. मूळ सुराशी ती जुळतेच, म्हणून १ टक्का असली तरी, म्हणजे मूळ सुरापेक्षा ४० डेसिबल खाली, ती सहसा खटकत नाही. शांत गायकी किंवा एकट्या वाद्याला त्याने थोडं भरलेपण येतं. पण दहा वाद्यं एकत्र वाजू लागली की याच विकृतीतून सुरांच्या बेरजा-वजाबाक्या तयार होतात आणि वाद्यं एकमेकांत मिसळल्यासारखी वाटतात. त्यामुळे तुम्ही काय ऐकता यालाही महत्त्व आहे.

हाच ओटीएल ॲम्प कमी ओहमच्या हेडफोनला लावला की सगळं बिघडतं. आउटपुट कपॅसिटर आणि हेडफोन मिळून बेस कापणारा फिल्टर तयार होतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० ओहमवर ५ हर्ट्झच्या आसपास कापतो, ते ऐकूच येत नाही. ३२ ओहमवर तोच ५० हर्ट्झला कापतो, म्हणजे तबल्याच्या डग्ग्याचा आणि बेस गिटारचा तळ गेला. वर करंट संपल्यामुळे शिखरं चेपली जातात. प्लॅनर हेडफोनचा इंपिडन्स सपाट असतो, त्यामुळे त्याला तो बेसचा उंचवटाही मिळत नाही. मिळतो फक्त कमी आणि घुसमटलेला आवाज.

कानात घालायच्या बहु-ड्रायव्हर इअरफोनची तर गोष्टच काढू नका. अशा एखाद्या इअरफोनचा इंपिडन्स ८ ते ४० ओहममध्ये वरखाली होत असेल, तर नुसत्या १० ओहमच्या आउटपुटनेही त्याचा टोन ५ डेसिबलने वाकडा होतो. शिवाय ट्यूबची सूं-सूं त्यात स्पष्ट ऐकू येते. सर्वसाधारण नियम असा की ॲम्पचा आउटपुट इंपिडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा: ३२ ओहमला ४, ३०० ला ३७. ३०० ओहमच्या डायनॅमिक (कॉइल-पडद्याच्या) हेडफोनवर ओटीएल हा नियम मोडतो, तिथे तो जाणूनबुजून मोडायला माझी हरकत नाही. इतर कुठे मोडू नका.

पैसे घालण्याआधी दोन रेझिस्टरचा प्रयोग

तुमच्याकडे सॉलिड-स्टेट ॲम्प आणि जास्त ओहमचा हेडफोन असेल, तर ट्यूबच्या आउटपुट इंपिडन्सचा परिणाम जवळपास फुकटात ऐकता येतो. ट्यूब ॲम्प घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने हे आधी करावं असं मला मनापासून वाटतं.

लागणारं सामान: एक ६.३५ मिलिमीटरचा स्टिरिओ प्लग, त्याच मापाचं एक सॉकेट, १ टक्का अचूकतेचे १०० ओहमचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर (पाव वॉटचे भरपूर झाले), थोडी वायर आणि हीट-श्रिंक नळी. प्लगच्या टोकापासून सॉकेटच्या टोकाकडे एक रेझिस्टर, मधल्या रिंगपासून रिंगकडे दुसरा. ग्राउंडची वायर मात्र सरळ जोडायची. ग्राउंडमध्ये रेझिस्टर टाकला तर तो दोन्ही चॅनेलमध्ये सामाईक होतो, डाव्याचा आवाज उजव्यात झिरपतो आणि स्टिरिओचा पसारा आक्रसतो. सोल्डर केल्यावर मल्टिमीटरने टोक-टोक आणि रिंग-रिंग १०० ओहम, ग्राउंड-ग्राउंड शून्य, आणि टोक व ग्राउंड यांच्यात काहीच जोडणी नाही, एवढं तपासा. शेवटचं विशेष महत्त्वाचं, कारण तिथे शॉर्ट राहिला तर ॲम्पचं आउटपुट धोक्यात येतं.

रेझिस्टर लावल्यावर एचडी ६५० चा आवाज २.५ डेसिबलने उतरेल. तुलना करताना पातळी जुळवली नाही तर जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, आणि प्रयोग वाया जातो. ४०० हर्ट्झचा साइन टोन लावा, कारण साधे मल्टिमीटर वरच्या कंप्रतेवर एसी व्होल्टेज नीट मोजत नाहीत. हेडफोन जोडलेला ठेवून त्याच्या टोकांवरचं व्होल्टेज दोन्ही वेळी एक टक्क्याच्या आत सारखं करा. एक टक्का म्हणजे साधारण ०.१ डेसिबल, कानाला तो फरक कळत नाही.

आता आठवडाभर असंच ऐका. बेसचा भरलेपणा आवडला तर तुम्हाला हवं ते मिळालं. इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झला १ डेसिबल वाढवूनही जवळपास तिथेच पोहोचता येतं. फरक जाणवतो, आवडतो, पण अजून काहीतरी हवंसं वाटतं, तर ओटीएल ट्यूब ॲम्पला अर्थ आहे. काहीच जाणवलं नाही, तर ते पैसे चांगल्या हेडफोनकडे वळवा. हेडफोन बदलल्याने आवाजात जेवढा फरक पडतो, तेवढा ॲम्प बदलून कधीच पडत नाही.

स्वस्त हायब्रिड

पुढे ट्यूब आणि मागे ट्रान्झिस्टर किंवा ऑप-ॲम्प, असे हायब्रिड ॲम्प बजेटमध्ये सर्वांत जास्त दिसतात. त्यांचा आउटपुट इंपिडन्स कमी असतो, म्हणून कमी ओहमचे हेडफोनही चालतात. नीट रचलेले हायब्रिड चांगले असतात. पीट मिलेट यांनी मोटारींच्या जुन्या रेडिओतल्या, मुळात १२ व्होल्टवर चालण्यासाठीच बनलेल्या ट्यूब वापरून केलेली रचना प्रसिद्ध आहे. कॉर्ग आणि नोरिताके यांची न्यूट्यूबही कमी व्होल्टेजसाठीच घडवलेली आहे.

अडचण बाकीच्यांची. जी ट्यूब १०० ते २५० व्होल्टच्या प्लेट व्होल्टेजसाठी (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या प्लेटला दिलेलं व्होल्टेज) बनली, तिला १२ किंवा २४ व्होल्टवर चालवलं की तिच्या व्होल्टेज-करंटच्या वक्राचा अगदी वाकडा भाग वापरात येतो. विकृती वाढते, सिग्नल लवकर चेपला जातो, ट्यूबगणिक फरक पडतो. काहींत तर ट्यूबच्या सॉकेटखाली नारिंगी एलईडी बसवलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे: स्विच दाबताच काच खालून एकसारखी उजळली तर तो एलईडी. खरा हीटर (कॅथोड तापवणारी तार) मंद असतो आणि लाल व्हायला १० ते २० सेकंद घेतो. खरेदीआधी प्लेट व्होल्टेज किती आहे ते विचारा किंवा शोधा. सांगितलंच जात नसेल तर सोडून द्या.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरवाले ट्यूब ॲम्प सगळ्या हेडफोनना जुळतात, पण चांगला ट्रान्सफॉर्मर महाग असतो आणि स्वस्तातला बेसमध्ये लवकर संपृक्त होतो, म्हणजे त्याची क्षमता संपते. बेताच्या बजेटमध्ये तो विषय मी बंदच ठेवेन.

मग घ्यायचं काय

पहिला ॲम्प सॉलिड-स्टेटच घ्या. स्वच्छ, कमी खरखरीचा, कमी आउटपुट इंपिडन्सचा ॲम्प स्वस्तात बनवणं हा आता सुटलेला प्रश्न आहे. २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने एका अभियंत्याने ओ२ या हेडफोन ॲम्पची संपूर्ण रचना खुली करून टाकली. एनजेएम२०६८ आणि एनजेएम४५५६ या साध्या ऑप-ॲम्पवर चालणाऱ्या त्या ॲम्पचा आउटपुट इंपिडन्स अर्धा ओहम आहे. त्यानंतर जेडीएस लॅब्स ॲटम, शिट मॅग्नी, टॉपिंग एल३० असे ॲम्प आले. त्यांची विकृती आणि खरखर कानाच्या आवाक्याच्या खाली आहे. या वर्गात एकमेकांशी आकडे ताडत बसण्यात हशील नाही; विकृती ०.००१ टक्के आहे की ०.०००१, याने तुमचं गाणं बदलत नाही.

बघायचं ते गेन, म्हणजे ॲम्प व्होल्टेज किती पट करतो. डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं यंत्र) साधारण २ व्होल्ट देतो. एचडी ६५० ला सव्वादोन व्होल्ट पुरतात, म्हणजे १ पट गेनही जवळजवळ पुरे. ६०० ओहमच्या डीटी ८८० ला २ पट. पाच-सहा पट गेनचा ॲम्प घेतला तर नॉब कायम अगदी खालीच ठेवावा लागतो. आणि दोन चॅनेलचा पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) तिथेच सर्वांत बेभरवशाचा असतो: एक बाजू आधी वाजते, दुसरी मागून. लो-हाय गेनचा स्विच असलेला ॲम्प म्हणूनच उपयोगी. बॅलन्स्ड आउटपुटने (दोन तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल) व्होल्टेज दुप्पट होतं, पण वरचे हिशेब बघितले तर बहुतेकांना त्याची गरज नाही हे दिसेल.

दुसरा ॲम्प म्हणून ओटीएल घ्यायचा असेल तर अट एकच: २५० ओहम किंवा वरचा डायनॅमिक हेडफोन तुमच्याकडे असावा आणि तो ठेवायचा असावा. ट्यूब ॲम्पचा खर्च किमतीवर थांबत नाही. ६०८० चा हीटर ६.३ व्होल्टवर २.५ ॲम्पिअर घेतो. नुसत्या हीटरची जवळपास १६ वॉट उष्णता झाली. बंद कपाटात असा ॲम्प ठेवू नका, आजूबाजूचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळतात. ट्रान्सफॉर्मर तुमच्याकडच्या मेन्स व्होल्टेजचा आहे का, हे मागच्या पट्टीवर वाचून घ्या. १२० व्होल्टचा ॲम्प २३० वर लावला की तो गेलाच.

ट्यूब बदलून बघण्याचा मोह होतो. सॉकेटमध्ये बसली म्हणजे चालते असं नाही. १२एएक्स७ च्या पिना १२एयू७ सारख्याच, पण तिचं प्रवर्धन १०० पट, १२एयू७ चं २० च्या आत, आणि करंट खूप कमी. बायस, म्हणजे ट्यूबची ठरवलेली कामाची स्थिती, पार कोलमडतो. ६डीजे८ च्या जागी ६एन१पी घालायची पद्धत आहे. ६डीजे८ चा हीटर ३६५ मिलिॲम्पिअर घेतो, ६एन१पी चा ६००. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेवढी ताकद नसेल तर तो तापत राहतो, हीटर व्होल्टेज ६.३ च्या बरंच खाली येतं आणि शेवटी वाइंडिंग जळतं.

गुणगुण येत असेल तर आवाजाचा नॉब फिरवून बघा. गुणगुण त्याच्याबरोबर कमी-जास्त होत असेल तर ती आधीच्या यंत्राकडून किंवा ग्राउंड लूपमधून (दोन यंत्रांच्या ग्राउंडमधून फिरणारा करंट) येते. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. नॉबचा परिणाम होत नसेल तर ॲम्पच्या आत बघावं लागेल: हीटरच्या वायरिंगची पिळणी, पॉवर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर किंवा ट्यूबमधली गळती. दुसरी ट्यूब लावून गुणगुण गेली तर उत्तर मिळालं. ॲम्प उघडून आत हात घालण्याआधी हे लक्षात ठेवा की ओटीएलमध्ये १५० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतं. मीटरने ते काही व्होल्टवर उतरलेलं दिसेपर्यंत कशालाही स्पर्श करू नका. हे करण्याची सवय नसेल तर झाकण उघडू नका.

जुना ॲम्प घेताना मल्टिमीटर बरोबर न्या. सॉलिड-स्टेट असेल तर हेडफोन न लावता, आवाज शून्यावर आणि मग पूर्ण वर ठेवून, प्लगचं टोक व ग्राउंड, मग रिंग व ग्राउंड यांच्यात डीसी व्होल्टेज मोजा. १० ते २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, ५० च्या वर असेल तर घेऊ नका. आउटपुट इंपिडन्सही मोजता येतो: ४०० हर्ट्झच्या टोनवर उघडं व्होल्टेज घ्या, मग ३३० ओहमचा रेझिस्टर लावून घ्या. दोन्हींतला फरक भागिले दुसरं व्होल्टेज, गुणिले ३३०. १ व्होल्टचं ०.७३ झालं तर आउटपुट १२२ ओहम आहे. ट्यूब ॲम्प असेल तर काचेच्या आतला चंदेरी डाग बघा. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, ती ट्यूब मेली. पेन्सिलने ट्यूबवर हलकेच टिचकी मारा. बारीक टण आवाज आला तर चालेल, तो घुमत राहिला तर ती ट्यूब बदलावी लागेल आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घ्या.

ट्यूब ॲम्प चालू करताना हेडफोन काढलेला असू द्या. कॅथोड तापून आउटपुट कपॅसिटर भरत असताना आउटपुटवर मोठा धक्का येतो आणि तो थेट ड्रायव्हरला बसतो. एक-दोन मिनिटांनी प्लग लावा. बंद करताना उलट क्रम: आधी प्लग काढा, मग स्विच.